एसईओ: काम सोपवावे की सल्ला घ्यावा?

गूगलच्या शोधात आपली वेबसाइट वर यावी यासाठीच्या कामाला एसईओ म्हणतात, आणि त्यासाठी बाहेरची मदत घ्यायची तर ती दोन तऱ्हांनी मिळते. पहिल्या तऱ्हेत एजन्सी सगळे काम अंगावर घेते. वेबसाइटच्या तांत्रिक दुरुस्त्या, नवा मजकूर, इतर वेबसाइटवरून दुवे मिळवणे आणि दरमहा अहवाल देणे हे सारे तीच करते. या धंद्यात याला फुल सर्व्हिस म्हणतात, आणि त्याचे पैसे बहुधा मासिक रिटेनरने, म्हणजे दरमहा ठरलेल्या फीने, दिले जातात. दुसऱ्या तऱ्हेत सल्लागार वेबसाइट तपासतो, काय आणि कोणत्या क्रमाने करायचे ते लिहून देतो, करणाऱ्यांच्या शंका सोडवतो आणि झालेले काम पुन्हा पाहतो. प्रत्यक्ष काम मालकाची माणसे करतात. दोन्ही रीतींनी उत्तम काम होते आणि दोन्हींत पैसे बुडतातही. निवड करताना बहुतेक जण आधी फी विचारतात, पण त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: काय करायचे ते कळल्यावर ते करणार कोण, आणि त्या माणसाला त्यासाठी वेळ आहे का?

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे कामाचे स्वरूप पाहिले की कळते. शोधयंत्र तीन टप्प्यांत चालते. गूगलचा क्रॉलर एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जात पाने वाचतो. त्यातली ठेवण्याजोगी वाटतील ती पाने इंडेक्समध्ये साठवली जातात. कोणी शोध घेतला की त्या साठ्यातली पाने क्रम लावून दाखवली जातात. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन केली तेव्हा या क्रमाचा मोठा आधार पेजरँक हा होता: ज्या पानाकडे वजनदार पानांचे दुवे जास्त, ते पान जास्त मोलाचे. आता त्यात आणखी पुष्कळ गोष्टी पाहिल्या जातात, पण टप्पे तेच आहेत. क्रॉलरला पान उघडताच येत नसेल तर त्यावरचा सुरेख लेख कोणालाच सापडणार नाही. पान इंडेक्समध्ये आले, पण माणसाने जे विचारले त्याचे उत्तर त्यात नसेल, तर ते वर येणार नाही.

त्यामुळे एसईओच्या कामाचे आपोआप चार भाग पडतात, आणि प्रत्येकाला वेगळी माणसे लागतात. तांत्रिक भागासाठी वेबसाइटच्या कोडला हात लावू शकणारा डेव्हलपर हवा. मजकुरासाठी त्या धंद्याचे ज्ञान असलेला आणि लिहू शकणारा माणूस हवा. दुवे ओळखीतून, वृत्तपत्रांतून, व्यापारी संघटनांतून किंवा लोकांना उपयोगी पडेल असे काही प्रसिद्ध केल्यामुळे मिळतात. चौथा भाग स्थानिक शोधाचा. गूगल बिझनेस प्रोफाइलवर (नोव्हेंबर २०२१ पर्यंत त्याचे नाव गूगल माय बिझनेस होते) दुकानाच्या वेळा, सुटीचे दिवस आणि ताजे फोटो टाकावे लागतात, ग्राहकांच्या अभिप्रायांना उत्तरे द्यावी लागतात. यातले तांत्रिक काम किल्ल्या हातात दिल्या तर बाहेरचा माणूस पूर्ण करू शकतो. बाकीच्या तिन्हींत मालकाच्या घरातले काहीतरी लागतेच, मग एजन्सी कितीही मोठी असो.

फुल सर्व्हिस घेतली की पहिल्या महिन्यात एजन्सी वेबसाइटचे ऑडिट करते आणि लोक कोणते शब्द वापरून शोधतात त्यांची यादी काढते. पुढच्या महिन्यांत पानांची शीर्षके आणि वर्णने सुधारली जातात, तुटलेले दुवे जोडले जातात, मोबाइलवर पान लवकर उघडावे म्हणून फोटो हलके केले जातात. ठरल्याप्रमाणे नवे लेख येतात, दुवे मिळवण्याचे प्रयत्न चालतात. महिनाअखेरीस अहवाल येतो आणि त्यावर एक बैठक होते. ज्या धंद्यात वेबसाइट पाहणारे कोणीच नाही, त्याला ही व्यवस्था खरोखर उपकारक ठरते. एकाच ठिकाणी डेव्हलपर, लेखक आणि एसईओ जाणणारा माणूस मिळतो. तिघांना तीन ठिकाणी गाठावे लागत नाही.

देवगडचा एखादा बागायतदार घेऊ, जो दलालाला माल न देता थेट पुण्या-मुंबईच्या ग्राहकांना पेट्या पाठवतो. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे अस्सल हापूस कोणता, मानांकन कसे ओळखायचे, हे शोधणारे ग्राहक त्याच्या उपयोगाचे आहेत. पण फवारणी, राखण, काढणी, आढी आणि पॅकिंग यांत गुंतलेल्या माणसाला वेबसाइटच्या कोडमध्ये शिरायला वेळ नाही, आणि घरात ते करणारे दुसरे कोणी नाही. त्याला एखाद्या सल्लागाराने पन्नास पानांचे ऑडिट करून दिले तर ते तसेच पडून राहील. त्याच्यासाठी काम करून देणारेच हवेत.

त्याच्या बाबतीत वेळापत्रक मात्र फीपेक्षा मोठे आहे. एसईओ करणाऱ्या माणसाला सुधारणा करून त्यांचा परिणाम दिसायला बहुधा चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलनेच सांगितले आहे. हापूसची विक्री मुख्यतः मार्च ते मे. फेब्रुवारीत करार केला तर पैसे याच हंगामात जातील आणि परिणाम, दिसलाच तर, पावसाळ्यात दिसेल. हंगाम संपताच जूनमध्ये काम सुरू झाले तर पुढच्या मार्चपर्यंत नऊ महिने हाताशी राहतात. बारा महिन्यांच्या रिटेनरऐवजी जून ते फेब्रुवारी भरपूर काम आणि हंगामात केवळ देखरेख, अशी आखणी अशा धंद्याला शोभते. ही गोष्ट करारापूर्वी स्वतःहून न सुचवणाऱ्या एजन्सीने धंदा समजून घेतलेला नाही, असे खुशाल समजावे.

याच बागायतदाराच्या वेबसाइटवर एक चूक हमखास सापडते. आंबा संपला की उत्पादनाचे पान काढून टाकले जाते, आणि पुढच्या वर्षी नव्या पत्त्यावर नवे पान बनवले जाते. पत्त्यातच वर्षाचा आकडा असतो. जुन्या पानाकडे आलेले दुवे, ग्राहकांनी जपून ठेवलेला पत्ता, गूगलला झालेली ओळख हे सगळे त्या पानाबरोबर जाते आणि दर मार्चमध्ये सुरुवात शून्यातून होते. उपाय साधा आहे. पत्ता कायम एकच ठेवायचा, हंगाम नसताना त्या पानावर बुकिंग कधी सुरू होईल ते लिहायचे, पिकवण्याची आणि साठवण्याची माहिती तशीच ठेवायची, आणि जुने पत्ते ३०१ रीडायरेक्टने या पानाकडे वळवायचे. हे काम फार तर दोन दिवसांचे आहे. पण ते ओळखणारा आणि करणारा, दोघेही लागतात.

फुल सर्व्हिसमधला सर्वांत मोठा धोका असा की आपल्या नावाने काय केले जात आहे हे मालकाला कळतच नाही. अमेरिकेतली जेसी पेनी ही जुनी, मोठी दुकानसाखळी २०१०च्या अखेरच्या ऐन खरेदीच्या काळात ड्रेसपासून बिछान्याच्या चादरींपर्यंत असंख्य शब्दांवर गूगलमध्ये पहिली येत होती. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने याचे कारण छापले: विषयाशी काहीही संबंध नसलेल्या हजारो पानांवर पैसे देऊन कंपनीच्या वेबसाइटचे दुवे पेरले होते. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे कंपनीने सांगितले आणि एसईओ करणाऱ्या संस्थेशी संबंध तोडले. गूगलने शिक्षा केली ती मात्र जेसी पेनीच्या वेबसाइटला. काही शब्दांवर ती पहिल्या क्रमांकावरून साठाच्याही खाली गेली, म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीने नाहीशीच झाली. त्याआधी, फेब्रुवारी २००६ मध्ये, बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट गूगलने काही दिवस इंडेक्समधूनच काढली होती. क्रॉलरला शब्दांनी भरलेली वेगळी पाने दाखवायची आणि माणसाला दुसरीकडे वळवायचे, असा प्रकार तिथे सापडला होता.

काम कोणी केले, हे गूगल पाहत नाही. वेबसाइट कोणाची, एवढेच पाहते. एजन्सी बदलली तरी तिने विकत घेतलेले दुवे वेबसाइटला चिकटून राहतात. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणून अशा दुव्यांवर बडगा उगारला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नको असलेले दुवे नाकारण्याची सोय दिली, ती मागच्या एजन्सीचे उद्योग निस्तरणाऱ्या वेबसाइट-मालकांच्या बरीच कामी आली. पैसे देऊन घेतलेला दुवा जाहिरात म्हणून चालतो, पण तो तसा असल्याची खूण कोडमध्ये करावी लागते. म्हणून फुल सर्व्हिस घेणाऱ्याने दर महिन्याला एकच गोष्ट आवर्जून मागावी: या महिन्यात मिळालेल्या प्रत्येक दुव्याचा पत्ता. त्यातले चार-पाच उघडून पाहिले की पुरे. आंब्याच्या बागेचा दुवा एखाद्या परदेशी जुगाराच्या लेखात दिसला, तर त्या करारात पुढे काय करायचे हे वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा धोका मजकुराच्या आकड्याचा. महिन्याला आठ लेख, बारा लेख, असा करार मोजायला सोपा असल्याने दोन्ही बाजूंना आवडतो. त्यातून उथळ, एकमेकांसारखे लेख तयार होतात, कारण लिहिणाऱ्याने ना बाग पाहिलेली असते ना ग्राहक. अशा मजकुराविरुद्ध गूगलने फेब्रुवारी २०११ मध्येच पांडा नावाचा बदल आणला होता. मार्च २०२४ मध्ये, यंत्राकडून मजकूर लिहून घेणे सोपे झाल्यावर, क्रमवारीसाठी ढिगाने मजकूर तयार करणे हे स्पामच्या धोरणात स्पष्टपणे घातले गेले, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल अनेक शोधांना वरच्या वर यंत्राने रचलेले उत्तर दाखवू लागले. हापूस म्हणजे काय, असल्या सामान्य माहितीचे लेख त्यामुळे उघडलेच जात नाहीत. त्याच बागेतली आढी लावण्याची रीत, त्याच झाडांचे या वर्षीचे फोटो, एका पेटीत कोणत्या वजनाची किती फळे बसतात, हे मात्र दुसरीकडे मिळत नाही. ते बागायतदाराने सांगितल्याशिवाय एजन्सीला कळणार नाही. तेव्हा फुल सर्व्हिस घेतली तरी महिन्यातले काही तास मालकाला द्यावेच लागतात. काहीच करावे लागणार नाही, असे सांगणारी एजन्सी मोहात पाडते आणि नेमके हेच सोडून देते.

सल्ल्यापुरत्या कामात जमाखर्च उलटा असतो. इथे वेबसाइटवर काय चालले आहे हे मालकाच्या माणसांना पुरते कळते, कारण ते तेच करत असतात. ज्ञान घरात राहते. सल्लागाराला लेखांचे किंवा दुव्यांचे आकडे भरायचे नसतात, त्यामुळे अमुक गोष्टीची गरज नाही, हे तो मोकळेपणाने सांगू शकतो. हा गुण फार मोलाचा आहे. पुष्कळ वेबसाइटना नवीन काही लिहिण्याआधी असलेली निम्मी पाने एकत्र करण्याची गरज असते, आणि लेखांवर पैसे मिळवणाऱ्याच्या तोंडून हे सहसा येत नाही.

सल्लागाराचा कस त्याच्या सूचनेच्या शब्दांत दिसतो. वेबसाइटचा वेग वाढवावा, हे वाक्य कोणीही लिहू शकते आणि ते वाचून डेव्हलपर काहीच करू शकत नाही. उपयोगी सूचना अशी असते: उत्पादनाच्या पानावरचा वरचा फोटो चार एमबीचा आहे, तो १२०० पिक्सेल रुंद, वेबपी स्वरूपात, दोनशे केबीच्या आत करावा, पहिल्याच पडद्यावर दिसणारा असल्याने त्याला लेझी लोडिंग लावू नये, मोबाइलवर पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा, काम झाल्यावर पेजस्पीड इनसाइट्समध्ये तपासावे. हा अडीच सेकंदांचा निकष गूगलचा आहे. अशा प्रत्येक सूचनेपुढे ती कोण करणार, किती तासांची आहे आणि तिचा परिणाम किती मोठा, हे लिहिलेले असेल तर तो दस्तऐवज कामाचा. उलट तपासणीच्या सॉफ्टवेअरने काढलेली शेकडो चुकांची यादी कंपनीचे बोधचिन्ह लावून पाठवणे म्हणजे सल्ला नव्हे. स्क्रीमिंग फ्रॉगसारखे साधन पाचशे पत्त्यांपर्यंत फुकट चालवता येते. यादी मालकालाही काढता येईल. त्यातल्या कोणत्या दहा चुका आधी सुधारायच्या आणि कोणत्यांकडे दुर्लक्ष करायचे, हे ठरवण्याचे पैसे असतात.

सल्ला फुकट जातो तो बहुतेक वेळा चुकीचा असतो म्हणून नव्हे, तर अमलात येत नाही म्हणून. अहवाल येतो, सादरीकरण होते, सगळे माना डोलावतात, आणि सहा महिन्यांनी वेबसाइट तशीच असते. डेव्हलपरकडे पेमेंटची, ॲपची, साहेबांनी सांगितलेली कामे रांगेत असतात आणि एसईओच्या सूचना त्या रांगेच्या शेवटी जाऊन बसतात. कधी वेबसाइट बाहेरच्या कंपनीने बनवलेली असते आणि प्रत्येक छोट्या बदलाचे ती वेगळे पैसे मागते. कधी मार्केटिंगवाल्यांनी सल्लागार आणलेला असतो आणि आयटीवाल्यांना त्याची कुणकुणही नसते. म्हणून सल्लागार नेमण्याआधीच संस्थेने तीन गोष्टी ठरवलेल्या बऱ्या: सूचना अमलात आणायला कोणाला आदेश देता येतो, डेव्हलपरचे महिन्याला किती तास या कामासाठी बाजूला काढले आहेत, आणि लिहिणार कोण. यांपैकी एकाचेही उत्तर नसेल तर सल्ला घेऊ नये.

जिथे ही उत्तरे तयार असतात तिथे सल्लागार फुल सर्व्हिसपेक्षा कितीतरी सरस ठरतो. स्वतःचा आयटी विभाग असलेले रुग्णालय, शिक्षणसंस्था, बँक, वृत्तपत्राचे पोर्टल ही अशी ठिकाणे. सुरक्षेच्या कारणांनी बाहेरच्या माणसाला कोडमध्ये हात घालू देणे तिथे शक्यही नसते. रुग्णालयाच्या वेबसाइटवर आजाराविषयी लिहायचे तर तिथल्या डॉक्टरांनीच लिहिले किंवा तपासले पाहिजे. कंत्राटी लेखकाच्या हाती ते देणे घातक आहे.

वेबसाइट नव्याने बांधताना तर थोड्या दिवसांचा सल्ला सोन्यासारखा असतो. नवी वेबसाइट तयार होत असताना ती गूगलला दिसू नये म्हणून डेव्हलपर तिच्यावर नोइंडेक्सची खूण लावतात किंवा रोबोट्स फाइलमध्ये क्रॉलरला मनाई करतात. वेबसाइट सुरू करण्याच्या गडबडीत ती खूण काढायची राहते, आणि काही आठवड्यांत वर्षांची कमाई इंडेक्समधून पुसली जाते. जुन्या प्रत्येक पत्त्याचा नवा पत्ता ठरवून रीडायरेक्टचा तक्ता करणे, सुरू झाल्याच्या दिवशी तो तपासणे, पुढचे काही आठवडे गूगलच्या सर्च कन्सोल या साधनावर लक्ष ठेवणे यासाठी वर्षभराचा रिटेनर लागत नाही. अनुभवी सल्लागाराचे मोजके दिवस पुरतात.

मराठी मजकुरावर उभ्या असलेल्या वेबसाइटचा, म्हणजे प्रकाशकांचा, नियतकालिकांचा, पाककृतींचा विचार वेगळा करावा लागतो. लिहिणारे घरातच असतात आणि बहुतेक एजन्सींतल्या लेखकांपेक्षा ते सरस असतात. अडते ते तंत्रापाशी. देवनागरी पत्ता यंत्राच्या भाषेत गेला की प्रत्येक चिन्हाची नऊ चिन्हे होतात. हापूस हा शब्द प, स, ह ही अक्षरे आणि दोन मात्राचिन्हे मिळून पाच चिन्हांचा, म्हणजे पत्त्यात पंचेचाळीस. गूगलला त्याचे वावडे नाही, पण व्हॉट्सॲपवर पाठवलेला दुवा अनेकदा अगम्य आकड्यांची माळ होऊन पोचतो आणि लोक तो उघडायला कचरतात. शिवाय एकच मराठी वाचक तीच गोष्ट कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत मराठी लिहून, तर कधी इंग्रजीत शोधतो. अमेरिकेत वाढलेली मुले बहुधा रोमनमध्येच. एका पानाच्या मराठी आणि इंग्रजी आवृत्त्या असतील तर त्या एकमेकींच्या आहेत हे एचरेफलँगच्या खुणेने सांगावे लागते. हे सारे एकदा नीट शिकवले की संपादक मंडळ पुढे स्वतः करू शकते. अशा वेबसाइटने मासिक लेखांसाठी एजन्सीला पैसे देणे म्हणजे आपले बळ सोडून देणे होय.

खर्चाची तुलना करताना सल्लागाराची फी कमी दिसते, कारण कामाचा मोठा भाग मालकाच्या पगारपत्रकावर लपलेला असतो. डेव्हलपरचे तास, लेखकाचे तास, देखरेख करणाऱ्याचे तास हे सगळे फीमध्ये मिळवले की खरा आकडा दिसतो, आणि तो रिटेनरपेक्षा जास्तही निघू शकतो. दुसरीकडे रिटेनरमध्ये एजन्सीचा विक्री विभाग, अहवाल बनवणारे आणि बैठकांना येणारे यांचाही खर्च असतो. नोंदणीकृत व्यवसायाकडून घेतलेल्या दोन्ही प्रकारच्या सेवांवर १८ टक्के जीएसटी लागतो. स्वतः जीएसटी भरणाऱ्या व्यवसायाला त्याचे क्रेडिट मिळू शकते, छोट्या अनोंदणीकृत धंद्याला तो खर्चच धरावा लागतो. फी महिन्यावर, तासावर किंवा एका ठरावीक कामावर असू शकते. क्रमांक आला तरच पैसे, हा करार ऐकायला निर्धोक वाटतो, पण त्यात कोणीच शोधत नाही असे सोपे शब्द निवडण्याचा किंवा आडमार्गाने झटपट वर नेण्याचा मोह असतो. असा करार टाळलेला बरा.

पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्यापासून गूगल स्वतः सावध करते. ती कोणीही देऊ शकत नाही. नेमण्याआधी उमेदवाराला सर्च कन्सोलचा केवळ पाहण्यापुरता प्रवेश द्यावा आणि वेबसाइटमधल्या मुख्य अडचणी विचाराव्यात. जो आधी धंद्याविषयी विचारतो, म्हणजे ग्राहक कोण, नफा कशात, फोनवर किती ऑर्डर येतात, तो माणूस दोन्ही प्रकारच्या कामाला चांगला. कीवर्डच्या मेटा टॅगची भाषा करणारा मात्र फार मागे राहिलेला असतो. वेब शोधाच्या क्रमवारीत तो टॅग वापरत नसल्याचे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केले होते.

दोन्हींच्या मधले मार्गही आहेत आणि अनेकांना तेच सोयीचे पडतात. सुरुवातीला सल्लागाराकडून तपासणी आणि आराखडा घ्यायचा, मग आराखड्याबरहुकूम काम करायला एखादा स्वतंत्र डेव्हलपर आणि एखादी लेखिका लावायची, आणि सल्लागाराने महिन्यातून एकदा पाहायचे. किंवा पहिले वर्ष फुल सर्व्हिस घेऊन त्या काळात घरातला एक माणूस तयार करायचा आणि नंतर सल्ल्यावर यायचे. फुल सर्व्हिस चालू असताना वर्षातून एकदा दुसऱ्याच सल्लागाराकडून तपासणी करून घेणे हाही शहाणपणाचा खर्च आहे. चांगल्या एजन्सीला त्यात वावगे वाटत नाही.

काम कसे चालले आहे हे मोजण्यासाठी मालकाने स्वतः सर्च कन्सोल उघडायला शिकावे. ते फुकट आहे आणि तासाभरात कळते. त्यात कंपनीच्या नावाने झालेले शोध आणि धंद्याच्या शब्दांनी झालेले शोध वेगळे काढून पाहावेत; नाव घेऊन येणारा ग्राहक एसईओ नसता तरी आला असता. अहवालात या दोन्हींची बेरीज करून वाढ दाखवली जाते तेव्हा ती फसवी असू शकते. सर्च कन्सोल सोळा महिन्यांची आकडेवारी ठेवते, म्हणून हंगामी धंद्याला या एप्रिलची तुलना मागच्या एप्रिलशी करता येते. ती मार्चशी करू नये. त्याआधीचे हवे असेल तर दर वर्षी आकडे उतरवून ठेवावे लागतात.

राहिला मालकीचा प्रश्न, आणि इथे कंजूषपणा करू नये. डोमेन मालकाच्या नावावर आणि मालकाच्या ईमेलवर असावे. एजन्सीने सोयीसाठी आपल्या नावावर घेतलेले डोमेन भांडणाच्या वेळी सुटता सुटत नाही. सर्च कन्सोल, ॲनालिटिक्स आणि बिझनेस प्रोफाइल यांचा मूळ मालक स्वतः राहून इतरांना वापरकर्ता म्हणून जोडावे. लेखांबाबत एक कायदेशीर बारकावा सहसा ध्यानात येत नाही. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्क मालकाकडे जातो, पण बाहेरच्या एजन्सीने किंवा लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा हक्क केवळ पैसे दिल्याने मिळत नाही. त्याचे लेखी हस्तांतर लागते. त्या हस्तांतरपत्रात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. दुबईला किंवा लंडनला आंबा, फराळ, पुस्तके पाठवणाऱ्याने करारात मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट लिहून घ्यावेत.

करार संपतो तेव्हा एजन्सीकडून कीवर्डची यादी, केलेल्या बदलांची नोंद, मिळवलेल्या दुव्यांचे पत्ते, रीडायरेक्टचा तक्ता आणि सगळे पासवर्ड घ्यावेत; हे करारातच लिहिलेले असले तर मागावे लागत नाही. मग वापरकर्त्यांच्या यादीतून एजन्सीच्या माणसांची नावे काढावीत. सर्च कन्सोलमध्ये त्यांच्यापैकी कोणी मालक म्हणून पडताळणी केलेली असेल तर नाव काढणे पुरत नाही. पडताळणीसाठी ठेवलेली फाइल, पानातली खूण किंवा डीएनएसमधली नोंद शिल्लक असेपर्यंत तो माणूस पुन्हा पडताळणी करून मालक होऊ शकतो, म्हणून तीही शोधून काढावी.